वाळवंट, चर आणि टोपली : पंढरीच्या यात्रेतील शौचव्यवस्थेचा इतिहास

पंढरपूरच्या आषाढी यात्रेचा इतिहास बहुधा पालख्यांचा, फडांचा (म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत संघांचा) आणि संतपरंपरेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. परंतु लाखो माणसे एकाच वेळी एका लहान गावात उतरतात, तेव्हा त्यांच्या मलमूत्राचे काय होते, या प्रश्नालाही दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो रोगाच्या भीतीशी, सरकारी नियंत्रणाशी व जातिव्यवस्थेशी इतका जखडलेला आहे की त्याला केवळ आरोग्यखात्याचा विषय मानून बाजूला ठेवणे योग्य ठरत नाही. या इतिहासात शौचव्यवस्थेचा दर्जा वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या मापांनी मोजला गेला. प्रथम तो रोगी किती दगावले यावर मोजला गेला, नंतर चर किती खणले यावर, आणि अलीकडे फिरती शौचालये किती उभी केली यावर. मैला अखेर कोठे जातो आणि तो कोणाच्या हातांनी जातो, हे माप मात्र फार उशिरा, आणि तेही न्यायालयाच्या दारातून, या चर्चेत आले.

भीमा नदी पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला येथे चंद्रभागा म्हणतात, आणि घाटांच्या पायथ्याशी पसरलेल्या तिच्या कोरड्या वाळूच्या पात्राला वाळवंट म्हणतात. याच वाळवंटात पुंडलिकाचे मंदिर आहे, येथेच स्नान होते, दिंड्यांची कीर्तने होतात, राहुट्या पडतात, आणि शतकानुशतके याच पात्राच्या कडेने यात्रेकरू बहिर्दिशेलाही जात आले. बहिर्दिशेला जाणे म्हणजे वस्तीबाहेर उघड्यावर शौचास जाणे. ही पद्धत विरळ वस्तीच्या गावात फारशी धोक्याची ठरत नाही, कारण ऊन, माती आणि अंतर या तिन्ही गोष्टी मैल्याचा बंदोबस्त करतात. परंतु माणसांची दाटी झाली की अंतर संपते, आषाढात ऊन नसते, आणि पावसाचे पाणी वाळूवरचे सारे काही ओढून नदीत नेते. धर्मशास्त्राने या गोष्टीकडे दुर्लक्ष केले होते असेही नाही, कारण मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात रस्त्यावर, गोठ्यात, नदीकाठी आणि पाण्यात मलमूत्रविसर्जन करण्यास स्पष्ट निषेध आहे. निषेध होता, पण लाखो माणसांनी तो पाळायचा तर त्यांनी जायचे कोठे याची तजवीज कोणाकडेच नव्हती, आणि तजविजीवाचून उरलेल्या निषेधाचा दोष पुढे सरकारी अहवालांनी यात्रेकरूंच्या माथी मारला.

पटकी, म्हणजे कॉलरा, हा रोग बंगालच्या त्रिभुज प्रदेशात जुना असला, तरी त्याची पहिली मोठी साथ १८१७ साली जेसोरकडून निघाली आणि १८१८ मध्ये दख्खनेत पोहोचली. पेशवाई संपली ते हेच वर्ष होते. सैन्याच्या हालचाली, उद्ध्वस्त गावे आणि यात्रा या तिन्हींच्या वाटेने साथ पसरली, आणि पंढरपूर तिच्या तडाख्यात सापडले. गावोगावी मरीआई या रोगदेवतेला साकडे घालणे, तिचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडणे हे लोकांचे उत्तर होते, तर दूषित हवेतून रोग होतो हे बहुतेक युरोपीय वैद्यांचे उत्तर होते. खरे कारण, म्हणजे रोग्याच्या विष्ठेतील जंतू पिण्याच्या पाण्यात मिसळणे, लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत आकडेवारीने दाखवून दिले, आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८३–८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे तो जंतू ओळखला. तोपर्यंतची सुमारे साठ वर्षे सरकारी आरोग्यधोरण दुर्गंधीशी लढत राहिले. योगायोगाने त्या लढाईचा काही उपयोगही झाला, कारण दुर्गंधी घालवायची तर मैला हलवावाच लागतो.

यात्रा हा आंतरराष्ट्रीय प्रश्न बनला तो हिंदू तीर्थक्षेत्रांमुळे नव्हे, तर हजमुळे. १८६५ मध्ये मक्केच्या यात्रेत पटकीने हजारो माणसे मेली आणि तेथून परतणाऱ्या जहाजांबरोबर ती भूमध्य समुद्राच्या बंदरांत व पुढे युरोपात शिरली. लगोलग १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आरोग्य परिषदेने भारतातील मोठ्या यात्रांना रोगप्रसाराचे प्रमुख कारण ठरवले, आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारला आपल्या यात्रांकडे केवळ महसुलाच्या व बंदोबस्ताच्या नजरेने पाहता येईना. पुढच्याच वर्षी, १८६७ च्या एप्रिलात, हरिद्वारच्या कुंभमेळ्यात या नव्या दक्षतेची कसोटी लागली. तेथे आधीपासून जागा आखून शौचासाठी चर खणले होते, मैल्यावर माती लोटण्यासाठी माणसे नेमली होती, आणि मेळ्याचे पहिले दिवस निर्वेध गेले होते. परंतु मुख्य स्नानाच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला, मेळ्याची सारी जमीन धुपून पाणी नदीत उतरले, आणि ज्या पाण्यात लाखो लोकांनी स्नान केले व जे पाणी त्यांनी तीर्थ म्हणून प्राशन केले, त्याच पाण्यातून साथ उसळली. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती थेट पेशावरपर्यंत गेली, आणि उत्तर हिंदुस्थानात त्या वर्षी लाखाहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. चर पुरेसे होते की नव्हते, यापेक्षा ते पाण्याच्या वाटेवर होते की नव्हते हा प्रश्न निर्णायक होता. हरिद्वारचा हा धडा पंढरपुराला अधिकच लागू होता, कारण हरिद्वारचा मेळा चैत्र–वैशाखात भरतो, तर पंढरपूरची सर्वांत मोठी यात्रा भर पावसाळ्यातच येते.

चराचे संडास ही त्या काळची सर्वमान्य रचना होती आणि तिची कल्पना आजही समजून घेण्यासारखी आहे. जमिनीत लांब, अरुंद आणि उथळ चर खणायचा, निघालेली माती त्याच्या एका बाजूला ढिगाने ठेवायची, तरटाचे किंवा तट्ट्यांचे आडोसे उभे करायचे, प्रत्येक वापरानंतर थोडी कोरडी माती टाकायची, आणि चर काठोकाठ भरण्याच्या आतच तो मातीने बुजवून दुसरा खणायचा, असा तिचा क्रम होता. कोरड्या मातीवरचा हा भर हेन्री मूल या इंग्लंडातील डॉर्सेट परगण्याच्या पाद्र्याच्या प्रयोगांतून आला होता. त्याने १८६० मध्ये मातीच्या संडासाचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले, आणि पुढच्या काही वर्षांत हिंदुस्थानातील छावण्या व तुरुंग यांत ती पद्धत रूढ झाली. कोरड्या, सैल मातीचा पातळ थर मैल्याला लवकर कुजवतो आणि माश्यांना दूर ठेवतो, हे निरीक्षण बरोबर होते. त्यात अडचण एवढीच होती की पावसाळ्यात कोरडी माती मिळत नाही, काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, आणि माती टाकण्याचे काम ज्याने शौच केले त्याने न करता दुसऱ्याने करायचे, असे गृहीत धरले गेले. तो दुसरा कोण, हे ठरवण्यासाठी सरकारला काही विचार करावा लागला नाही, कारण जातिव्यवस्थेने ते आधीच ठरवून ठेवले होते.

पंढरपूरची नगरपालिका १८५५ साली स्थापन झाली. गावच्या रहिवाशांपेक्षा कित्येक पटींनी अधिक लोक वर्षातून चार वेळा, म्हणजे आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री वारीला, येथे येत. त्यांच्यासाठीचा खर्च गावाच्या घरपट्टीतून निघणे शक्यच नव्हते, म्हणून यात्रेकरूंवर कर बसवला गेला आणि तो नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनला. या कराने एक विचित्र संबंध निर्माण केला. यात्रेकरू हा एका बाजूने रोगाचा वाहक म्हणून संशयास्पद होता आणि दुसऱ्या बाजूने तोच नगरपालिकेचा धनी होता, पण पैसे देणारा म्हणून त्याला काय सोयी मिळाव्यात, याचे कोणतेही माप त्याच्या हाती नव्हते. यात्रेकरू उतरत ते बडवे, उत्पात आणि क्षेत्रोपाध्ये या पुजारी-पुरोहित घराण्यांच्या वाड्यांत, मठांत, धर्मशाळांत आणि उरलेले उघड्या वाळवंटात. वाड्यांत जे संडास होते ते टोपलीचे होते, म्हणजे बसण्याच्या फळीखाली टोपली किंवा डबा ठेवलेला असे, आणि मागच्या बोळातून सफाई कामगाराने तो उचलून नेऊन रिकामा करायचा असे. दहा माणसांसाठी केलेला संडास यात्रेत शंभर माणसे वापरत, आणि टोपली मात्र तेवढीच राही. गोळा केलेला मैला गाड्यांतून गावाबाहेर नेऊन, राख व मातीत कुजवून, सोनखत म्हणून शेतकऱ्यांना विकण्याची पद्धत अनेक नगरपालिकांनी स्वीकारली होती. उसाच्या मळ्यांना त्या खताचा उपयोगही होई, पण त्या साखळीची पहिली कडी डोक्यावरची टोपली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत यात्रेचे स्वरूपच पालटले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला प्रवास रोखण्याचे, जमाव बंद करण्याचे व लोकांची तपासणी करण्याचे व्यापक अधिकार मिळाले. त्यानंतर १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पंढरपुरात पोहोचली, आणि पंधरा–वीस दिवस पायी चालून येणाऱ्यांबरोबर दोन दिवसांत येऊन जाणारे यात्रेकरूही वाढले. रोगाच्या दृष्टीने या दोन्हींचा अर्थ वेगळा होता. पायी येणारा रोगी वाटेतच ओळखू येई, तर रेल्वेने येणारा अंगात रोग घेऊन गावात उतरे आणि रोग घेऊनच आपल्या जिल्ह्यात परते. तरीही १९०८ ते १९१६ या काळात सरकारचे विशेष लक्ष पालख्यांवरच राहिले, आणि इतिहाससंशोधक मंजिरी कामत यांनी या काळाचा अभ्यास करून दाखवल्याप्रमाणे पालखी म्हणजे रोग वाहून आणणारे वाहन, ही धारणा प्रशासनात घट्ट झाली. गर्दी कमी करण्याचे उपाय, म्हणजे यात्रेवर निर्बंध घालणे आणि लोकांनी जाऊ नये अशी जाहीर सूचना देणे, हे शौचव्यवस्था सुधारण्यापेक्षा स्वस्त होते, आणि म्हणून ते आधी सुचत. १९१२ नंतर हिंदुस्थान सरकारने प्रांतोप्रांती यात्रेकरू समित्या नेमल्या तेव्हा कोठे पाणी, निवास आणि शौच या गोष्टी एकत्र तपासल्या जाऊ लागल्या.

याच काळात पाण्याच्या बाजूने मात्र खरी प्रगती झाली, आणि ती न्यायाने नोंदवली पाहिजे. अर्नेस्ट हँकिन या आग्र्यातील शास्त्रज्ञाने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकून पटकीचा जंतू मारण्याची रीत प्रचारात आणली, आणि यात्रेपूर्वी विहिरींचे पाणी गुलाबी होणे हे आरोग्यखात्याच्या कामाचे दृश्य चिन्ह बनले. पुढे ब्लीचिंग पावडर आली, आणि वाल्देमार हाफकिन यांनी १८९३ पासून हिंदुस्थानात वापरात आणलेली पटकीची लस विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या यात्रांच्या बंदोबस्ताचा भाग झाली. साथी ओसरल्या, पण त्यामुळे एक तोटाही झाला. रोगाची भीती हीच शौचव्यवस्थेची एकमेव प्रेरणा असल्यामुळे भीती कमी होताच प्रेरणाही कमी झाली. माणसे मरत नाहीत तोवर वाळवंटात काय साचते याची फिकीर करण्याचे प्रशासनाला कारण उरले नाही, आणि यात्रा संपल्यानंतर गावभर पसरलेला मैला हाताने, पत्र्याने आणि झाडूने उचलणाऱ्या कामगारांचे हाल कोणत्याही मृत्यूच्या तक्त्यात दिसत नव्हते.

हे हाल दिसले ते सरकारबाहेरच्या माणसांना. गाडगे महाराज पंढरपुरात येत ते हाती झाडू घेऊन. देवळात न जाता वाळवंट व रस्ते झाडण्यात त्यांचे दिवस जात, आणि रात्री त्याच वाळवंटात कीर्तन होई. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती म्हणून त्यांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. निवाऱ्याच्या आणि सफाईच्या प्रश्नाचे मूळ एकच आहे, हे त्यांच्या या दोन कृतींतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही अहवालातून होत नाही. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी दुसरी वाट धरली. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात असताना भंगीकाम करू देण्याची त्यांची मागणी नाकारली गेली तेव्हा त्यांनी उपोषण केले होते, आणि नंतर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खड्डे आलटूनपालटून वापरण्याचा, मैल्याचे जागच्या जागी खत करणारा गोपुरी संडास विकसित केला. मैला कोणालाही ताजा उचलावा लागू नये, ही त्या रचनेमागची अट होती, आणि शौचव्यवस्थेच्या दर्जाची महाराष्ट्रात मांडली गेलेली ही सर्वांत अर्थपूर्ण व्याख्या होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या स्थितीचा तपास करून १९५२ मध्ये डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत थांबवण्याची शिफारस केली. केंद्राने पुढे मलकानी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९६० मध्ये आला. ढकलगाड्या आल्या, पण यात्रेच्या दिवसांत गाडी जेथे जाऊच शकत नाही अशा बोळांत आणि वाळूत टोपलीच राहिली.

स्त्रियांच्या वाट्याला या साऱ्यात काय आले, याची नोंद जुन्या अहवालांत जवळजवळ नाही. वारीत स्त्रियांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे. आडोसा नसल्यामुळे पहाटेच्या अंधारात जाणे किंवा दिवसभर पाणी कमी पिणे, हा त्यांनी स्वतःच काढलेला उपाय होता, आणि त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. आपत्तीतील मदतकार्यासाठी तयार झालेल्या स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांत सुरुवातीच्या काळात दर ५० माणसांमागे एक आणि पुढे दर २० माणसांमागे एक शौचालय, तसेच स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट शौचालये, असे प्रमाण सांगितले आहे. आषाढीला दहा लाखांच्या घरात लोक जमतात असे धरले, तर ५० चे सर्वांत सैल प्रमाण लावूनही २० हजार शौचालये लागतात, आणि पंढरपूर शहराची कायमची लोकसंख्या जेमतेम एक लाख आहे. कायमस्वरूपी बांधकामाने हा प्रश्न सुटणार नाही, आणि फिरत्या शौचालयांवाचून गत्यंतर नाही, हे या साध्या हिशेबातून दिसते.

१९९३ च्या केंद्रीय कायद्याने कोरडे, म्हणजे पाण्याने न धुतले जाणारे, संडास बांधण्यास व हाताने मैला उचलण्यास मनाई केली, आणि २०१३ च्या कायद्याने ती मनाई अधिक कडक करून कामगारांच्या पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. पंढरपुरात यात्रेनंतर नगरपालिकेचे कामगार उघड्यावरचा मैला हातानेच उचलतात, ही बाब याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, आणि २०१४ च्या सुमारास न्यायालयाने शौचालयांची संख्या, वाळवंटातील राहुट्या व तंबू, आणि यात्रेकरूंसाठी पर्यायी जागा यांविषयी शासनाला एकामागून एक आदेश दिले. नदीपलीकडचा, वारकऱ्यांच्या तोंडी ‘६५ एकर’ या नावानेच रूढ झालेला तळ त्यातून विकसित झाला, आणि तेथे पाणी, वीज व शौचालये यांची सोय झाली. वाळवंटातील मुक्कामावरील बंधनांमुळे अनेक फडांना व दिंड्यांना दुःख झाले, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तेथील मुक्काम ही त्यांची पिढ्यांची वहिवाट होती. तरीही नदीच्या पात्रात लाखोंचा मुक्काम आणि त्याच नदीचे स्नान या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे हरिद्वारने १८६७ मध्येच दाखवून दिले होते.

त्याच सुमारास पालखीमार्गावर फिरत्या शौचालयांचा प्रयोग सुरू झाला आणि ‘निर्मल वारी’ या नावाने तो वाढत गेला. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर, वाखरी अशा तळांच्या गावांनी पालखी पुढे गेल्यावर आठवडाभर जी दुर्गंधी सोसली होती, ती या प्रयोगामुळे लक्षणीय कमी झाली. पहाटे शौचालयांकडे वाट दाखवणारे स्वयंसेवक, पाण्याचे टँकर आणि टाक्या उपसणाऱ्या गाड्या यांची साखळी तळाबरोबर पुढे सरकते. वारकऱ्यांना शौचालये वापरायची नसतात, हा दीडशे वर्षे अहवालांतून फिरत आलेला समज या प्रयोगाने निकालात काढला, कारण जेथे ती स्वच्छ, उजेडात आणि तळाच्या जवळ होती तेथे त्यांच्यापुढे रांगा लागल्या.

उरलेला प्रश्न टाकीच्या तळाशी आहे. फिरत्या शौचालयाची टाकी भरते, ती यंत्राने उपसली जाते, आणि ती गाडी कोठे तरी रिकामी होते. ती जागा मैलापाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर व्यवस्था पूर्ण होते, पण ती ओढा, शेताचा बांध किंवा रस्त्याकडेचा खड्डा असेल, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो मैला पुन्हा भीमेच्या वाटेला लागतो. दरवर्षी आषाढीपूर्वी शौचालयांची संख्या प्रसिद्ध होते. तिच्याबरोबर प्रत्येक तळावरून किती मैला उपसला, तो कोणत्या केंद्रात पोहोचवला, आणि ते काम करणाऱ्यांना हातमोजे, गमबूट, यंत्रे व पूर्ण मजुरी मिळाली की नाही, याचा हिशेब यात्रा संपल्यावर पंधरा दिवसांत नगरपरिषदेने व जिल्हा प्रशासनाने जाहीर करावा, आणि तो मागण्याचा आग्रह फडांनी, दिंडीप्रमुखांनी व स्वतः वारकऱ्यांनी धरावा.